डोळेकाढ्या डॉक्टर

रत्नागिरीत त्यांना 'डोळेकाढ्या' म्हणत. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांतले बहुतेक वर गेले. जे उरलेत ते संध्याकाळी माझ्याबरोबर मांडवीच्या धक्क्यावर बसतात, मोतीबिंदू काढून घेतलेल्या डोळ्यांवर जाड भिंगांचे चष्मे चढवून समुद्र बघतात, आणि मधूनच कुणीतरी 'आपला तो डोळेकाढ्या तांडेल आठवतो का रे?' म्हणून हसतो. परवा असंच झालं. मी उठून घरी आलो आणि लिहायला बसलो. वय झालं की माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि ह्या बाबतीत तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

डॉक्टर विठ्ठल तांडेल. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, शाळेत नाव घालताना मास्तरांनी तेच आडनाव लावलं. मुंबईला जाऊन ते डोळ्यांचे डॉक्टर झाले आणि सव्वीस-सत्तावीस सालच्या सुमाराला परत आले. मुंबईत राहिले असते तर बंगला बांधला असता, असं गावातले शहाणे म्हणत. डॉक्टर बुटके, रुंद छातीचे, उन्हानं रापलेले. जमिनीवरसुद्धा होडीत उभं राहिल्यासारखे पाय फाकवून उभे राहत. तोंडात सदा सुपारीचं खांड. शांत असले की पुण्याच्या पुस्तकासारखं बोलत आणि भडकले की थेट बापाच्या मचव्यावरचं. त्यामुळे दवाखान्याच्या पडवीबाहेरूनच कळायचं, आज हवा कशी आहे.

रोग्यावर ते कधी चिडल्याचं मला आठवत नाही. चिडत ते रोग्याला घेऊन येणाऱ्यांवर. लहान पोर घेऊन चार पुरुष आणि मागं पदर ओढून उभी असलेली एक बाई, असा लवाजमा पडवीत आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "पहिल्यांदा कुणी बघितलं?" पुरुषांपैकी कुणीतरी घसा साफ करून बोलायला लागे. डॉक्टर हात वर करत. "तुम्ही बघितलंत? नाही ना? मग तुम्ही अंगणात जा. तिथं फणसाखाली सावली आहे." मग बाईला स्टुलावर बसवून विचारत, "हां, बोल गो. कधी दिसलं? काय दिसलं? तू सांगितलंस तेव्हा घरात कोण काय म्हणालं?" हा तिसरा प्रश्न औषधासाठी नव्हता. तो ते रागाला सरपण घालण्यासाठी विचारत, असं मला वाटतं.

'बघू पुढं' हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. डोळ्यात मध घातला, आईचं दूध घातलं, नजर काढली, अमावास्या जाऊ दे म्हणून थांबलो, असं कुणी सांगू लागला की त्यांच्या कपाळाची शीर तटतटायची. "डोळा गेला तरी माणूस जगतो," ते ओरडत. "माणूस गेला की त्या डोळ्याचं काय लोणचं घालायचं?"

माझी त्यांची ओळख रांजणवाडीमुळे झाली. मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. पापणी सुजली म्हणून गेलो. त्यांनी पापणीकडे एकदा बघितलं आणि माझ्या बोटांकडे बराच वेळ. नखांत रंग होता.

"काय करता?"

"ड्रॉइंग शिकवतो."

"उद्या शाळा सुटली की या. मऊ पेन्सिल आणा. जांभळा रंग असला तर तोही आणा."

ही विनंती नव्हती. मी गेलो, आणि पुढची सात-आठ वर्षं जात राहिलो.

आतल्या खोलीत खिडकीशी एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. काढलेला डोळा ते फेकून देत नसत. औषधात घालून कडक करायचा, मेणात बसवायचा, मुंबईहून आणलेल्या पात्यानं त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर चढवायचे, हे सगळं ते स्वतः करत. नळीतून जे दिसतं ते कागदावर उतरवायला त्यांना माणूस हवा होता.

पहिली काच मंडणगडाकडच्या एका शेतकऱ्याच्या दोन वर्षांच्या पोराची होती. मी नळीला डोळा लावला. राळ्याचे दाणे सांडावेत तसे जांभळे बारीक गोल ठिपके, हजारो, एकमेकांना खेटून. मध्ये मध्ये फिक्या गुलाबी रंगाचे मेलेले पट्टे, त्यांत कुठं चुन्याचे खडे. आणि काही ठिकाणी ते दाणे गोल कडं करून बसलेले, मधोमध रिकामी जागा. मला ती कडी फार आवडली. मी तासभर खपून त्यांची छान फुलं काढली, पाकळ्यांना छटासुद्धा दिल्या.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि टराटरा फाडला.

"मास्तर, ही काय रांगोळी आहे?"

"दिसलं तसं काढलं."

"दिसलं तसं नाही. आवडलं तसं काढलंत. ह्यानं पोर मरतं. पुन्हा बघा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, ज्याच्यावर सगळं उमटतं. हा कर्करोग त्या पडद्यात होतो, आणि होतो तो पोरांनाच, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या. दाणे म्हणजे पेशी. पेशीत नुसतं मधलं केंद्रच भरलेलं, भोवती अंग म्हणून काही नाही. तिला वाढण्यापलीकडे दुसरा धंदाच नाही. "ही कडी दिसतात ना, ह्या पेशींना पडदा विणायची अजून थोडी आठवण आहे. विणायला जातात, जमत नाही, नुसतं कडं होतं. कडी पुष्कळ असली तर मला जरा बरं वाटतं. रोग जरा सभ्य आहे म्हणायचं. नुसते दाणेच दाणे असले तर दांडगा." कर्करोग हा शब्द ते पडवीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं उच्चारत. तेव्हा गावात त्याला 'तसला आजार' म्हणायची चाल होती.

"पण खरी गोष्ट इथं आहे," म्हणून त्यांनी काच सरकवली. डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणारी नस. डोळा काढताना ते ती जमेल तितकी आतून, लांब कापत. "हे कापलेलं टोक. टोकाशी दाणे नसतील तर पोर जगेल. टोकापर्यंत दाणे असतील तर आत शिल्लक राहिले. मग ते मेंदूत जातात, आणि मी, तुम्ही, मुंबईचा साहेब, कुणी काही करू शकत नाही." त्या मंडणगडच्या पोराचं टोक काळंनिळं भरलेलं होतं. मी दुसऱ्यांदा चित्र काढलं तेव्हा फुलं काढली नाहीत.

आता अण्णासाहेबांची गोष्ट सांगायला हवी. ती सांगण्यासाठीच लिहितो आहे.

रत्नागिरीत आमच्या लोकांत घाऱ्या डोळ्यांचं काय कौतुक असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मुलगी सांगून आली की आधी रंग विचारतात, मग डोळे. वरच्या आळीतले अण्णासाहेब वकील ह्यांच्या घरी तर पाच पिढ्या घारे डोळे. त्यांचा मुलगा मुंबईला एका कचेरीत होता. त्याची बायको यमुना मात्र काळ्या डोळ्यांची, आणि पहिला नातू झाला तो आईवर गेला. सासूबाईंनी बारशालाच तोंड पाडलं होतं. पोर वर्षाचं झालं आणि एका बाजूनं बघितलं की त्याचा डावा डोळा चमकायला लागला. पिवळट, पांढरट, मांजराच्या डोळ्यासारखा. घरात आनंदीआनंद. 'फिरला हो डोळा! उशिरा का होईना, घराण्यावर चालला!' येईल त्याला पोर खिडकीशी धरून दाखवायचे. दृष्ट लागू नये म्हणून त्या डोळ्याच्या बाजूला तीट मोठी लावत.

एका माणसाला ते पटलेलं नव्हतं. यमुनेनं पहिल्या वाढदिवसाला पोराला ओवाळलं तेव्हा निरांजन समोरून जाताना तिला दिसलं, की उजव्या बाहुलीत नुसतं ज्योतीचं टिंब दिसतं आणि डाव्या बाहुलीच्या आतून काहीतरी उजळतं. तिनं सासूला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरी कुणाला घारा डोळा माहीत आहे का? आपल्या काळ्या डोळ्यांचा कैवार पुरे हो." अण्णासाहेब म्हणाले, "बघू पुढं."

आठ महिने त्यांनी पुढं बघितलं. डोळा तिरळा झाला, मग लाल झाला, मग पोर रात्रंदिवस रडायला लागलं. डोळा खोबणीतून पुढं येऊ लागला तेव्हा ते सगळे पडवीत आले. मी आत चित्र काढत बसलो होतो. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, अण्णासाहेबांना फणसाखाली पाठवलं, यमुनेचं सगळं ऐकून घेतलं. तिनं ओवाळण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगो, मी ज्या आरशानं डोळा बघतो, तो म्हणजे दुसरं काय? समोरनं दिवा आणि दिव्याच्या मागनं बघणारी नजर! वर्षाच्या पोराचा रोग तू निरांजनानं ओळखलास. आमचे मुंबईचे साहेब एवढ्या लवकर ओळखीत नाहीत."

मग ते अंगणात गेले. पुढचं सबंध मांडवीनं ऐकलं.

"आठ म्हयने! आठ म्हयने काय डोळ्याची पूजा बांधत होतांव? मेल्या डोळ्याला घारा म्हणून मिरवलांत! वकील ना तुमी? मग घरातल्या एकुलत्या एका साक्षीदाराची साक्ष नाय घेता आली?"

अण्णासाहेबांना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं, त्यातून तांडेलाच्या मुलानं. ते पांढरेफटक पडले, पण पोराच्या रडण्यापुढं त्यांचं काही चालेना. डोळा काढला. डॉक्टरांची विधवा बहीण काशीआक्का क्लोरोफॉर्म द्यायची. दहा-बारा दिवसांनी मी नळीला डोळा लावला. कडं एकही नव्हतं. नस टोकापर्यंत भरलेली होती.

डॉक्टरांनी ते यमुनेला सांगितलं, घरातल्या पुरुषांना नाही. "खोटं सांगणार नाही, पोरी. फार दिवस नाहीत. दुखू नये म्हणून मी देईन ते दे, आणि जवळ घे." तिनं विचारलं, "आठ महिन्यांपूर्वी आणला असता तर?" डॉक्टर औषधाच्या पुड्या बांधू लागले. मग म्हणाले, "ते मला माहीत नाही." वैशाखात पोर गेलं. सुतक फिटल्यावर तिला बोलावून त्यांनी एकच गोष्ट सांगितली : हा रोग कधी कधी भावंडांत येतो. पुढलं मूल झालं तर सारखी नजर ठेव.

ते वर्ष डॉक्टरांचं वाईट गेलं. त्या वर्षात त्यांना मी एकदाच हसताना बघितलं, ते धाकू खलाशामुळं. धाकू राजिवड्याकडचा, पन्नाशीचा गडी. एका डोळ्यापुढं पडदा आल्यासारखं वाटतं म्हणून आला. आत काळी गाठ होती. मोठ्या माणसांत होतो तो हा वेगळा कर्करोग, डोळ्याच्या काळ्या अस्तरातून उठणारा. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, डोळा काढावा लागेल. आणि काढला तरी हा पाजी रोग कधी कधी पाच-दहा वर्षांनी काळजात... नाही, यकृतात डोकं वर काढतो. पाच वर्षं मिळतील, पंधरा मिळतील, कदाचित पुन्हा येणारही नाही. कबूल आहे का?

धाकूनं नाक खाजवलं. "डाक्टर, जाळा खडकात अडाकला तर काय करतो आमी? कापतो. जाळ्यापायी व्हडी कोण बुडवील?" मग म्हणाला, "पन दुसरा डोला माजा मला ऱ्हाईल ना? त्याला हात लावशीला नाय?"

डॉक्टर खो खो हसले. "नाय लावणार." आत येऊन मला म्हणाले, "मास्तर, ह्या माणसाला वकील करायला हवा होता." धाकू एका डोळ्यानं पुढं कित्येक वर्षं दर्यावर जात होता. बाजारात भेटला की मला विचारायचा, 'माजा डोला अजून काचंवर हाय काय?'

दोन वर्षांनी यमुनेला मुलगी झाली, कुसुम. अण्णासाहेबांनी घरात ताकीद दिली होती : त्या डोळेकाढ्याच्या पडवीची पायरी ह्या घरातलं कुणी चढणार नाही. हे नाव त्यांनीच पहिल्यांदा कोर्टाच्या आवारात उच्चारलं आणि आठवड्यात ते गावभर झालं. यमुना रोज दिवेलागणीला मुलीला ओवाळायला लागली. रोज. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, 'पोरगा गेल्यापासून सून फार देवभोळी झालीये हो.' त्या ताटामागून ती रोज काय बघत होती ते त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

मुलगी अकरा महिन्यांची असताना तिला डाव्या डोळ्यात ते पुन्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळा सकाळची, त्यामुळं मी दुपारी दवाखान्यात होतो. यमुना मुलीला कडेवर घेऊन भरबाजारातून एकटी चालत आली. वरच्या आळीतल्या सुनेनं भर दुपारी एकटीनं असं येणं तेव्हा केवढी गोष्ट होती! डॉक्टरांनी प्रश्न विचारला नाही. खोलीत काळोख करून, दिवा लावून त्यांनी आरशानं दोन्ही डोळे बघितले. फार वेळ लावला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मसुरीएवढी गाठ आहे," ते म्हणाले. "उजवा स्वच्छ आहे. आज डावा काढला तर मुलगी जगेल असं मला वाटतं. वाटतं म्हणालो, शपथ घेत नाही. उजव्यात पुढं येणारच नाही असंही सांगत नाही. पाच वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी बघावं लागेल."

"काढा," ती म्हणाली.

तेवढ्यात अण्णासाहेब आले. कुणीतरी बातमी पोचवली होती. सोबत कारकून. पडवीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सुरुवात केली, "सूनबाई, घरी चला."

यमुना हलली नाही.

"डॉक्टर, मुलगी हसते-खेळते आहे. डोळा लाल नाही, दुखत नाही. तुम्ही चांगला डोळा काढायला निघालात!"

"लाल व्हायची वाट बघायची काय? गेल्या खेपेला बघितलीत. काय मिळालं?"

"मुलगी आहे ती. एकडोळी मुलगी उद्या कुणाच्या गळ्यात बांधायची? ह्याचा विचार कुणी करायचा?"

"आधी जगू दे तिला, मग गळे शोधा!"

"मी परवानगी देत नाही. मुलीचा बाप मुंबईला आहे. बाप पालक असतो, कायदा आहे. आईच्या सहीला काडीची किंमत नाही."

आता डॉक्टर भडकले. "आईच्या सहीला किंमत नाय? नऊ म्हयने पोटात ठेवलान तेव्हा कोणाची सही घेतली होतीत? तुमच्या कायद्यानं एक पोर पुरलंत. दुसरं ह्या दारातनं मी जाऊ देणार नाय. काय करायचा तो दावा करा!" आणि त्यांनी यमुनेपुढं कागद ठेवला. तिनं पुरं नाव लिहिलं. काशीआक्कानं अण्णासाहेबांच्या तोंडावर दार लावून अडसर घातला. क्लोरोफॉर्मचा वास पडवीत येईपर्यंत अण्णासाहेब दारावर काठी आपटत होते.

अकराव्या दिवशी काच तयार झाली. मी आधी बघितली. कडीच कडी होती. नंतर नस बघितली, टोकापर्यंत, दोनदा बघितली. टोक स्वच्छ होतं. एक दाणा नव्हता. मी उठलो आणि डॉक्टरांना जागा दिली. ते बराच वेळ नळीशी वाकून होते. मला वाटलं, आता हा माणूस आनंदानं ओरडेल. त्यांनी टेबलावर अशी मूठ मारली की रंगाची बाटली खाली पडून फुटली.

"म्हणजे तोही जगला असता," ते म्हणाले. "मास्तर, तोही जगला असता हो. तिनं मला विचारलं होतं. माहीत नाही म्हणालो मी. माहीत होतं!"

जांभळा रंग जमिनीवर पसरत होता. आम्ही दोघांपैकी कुणी तो पुसला नाही.

दावा झाला. पालकाच्या संमतीशिवाय चांगला डोळा काढला, असा. डोळा चांगला नव्हता हे सिद्ध करायला डॉक्टरांकडे काचा होत्या आणि माझी चित्रं होती. त्यांच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. मी जे नळीतून बघितलं तेच काढलं, एवढंच सांगायचं होतं. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून दार लोटलं. "अण्णासाहेब आपल्या शाळेच्या मंडळावर आहेत. तुम्हाला बायकापोरं आहेत. ताप आलाय म्हणून कळवा." मी ताप आलाय म्हणून कळवलं. ताप आला नव्हता. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येकाला शिव्या घातल्या, तो मला एक अक्षर बोलला नाही. पुढच्या शनिवारी गेलो तर फक्त म्हणाले, "बसा. काच लावून ठेवली आहे." एखादी शिवी त्यांनी मला घालायला हवी होती.

कुसुमच्या बापाचं मुंबईहून चार ओळींचं पत्र आलं. जे झालं ते झालं, मुलगी खेळते का ते कळवावं, आणि दावा काढून घ्यावा. दावा बारगळला. पण गावानं आपला निकाल आधीच दिला होता. वरच्या आळीतून रोगी येईनात, मग खालच्या आळीतून येईनात. त्याच गावातल्या बायका पोरांना जेवताना धाक घालायला लागल्या, 'गप जेव, नाहीतर तांडेल येईल डोळे काढायला.' घरमालकानं जागा सोडायला सांगितली. तरी डॉक्टर तीन वर्षं तिथंच चिकटून राहिले. ह्या तीन वर्षांत एक माणूस दर तीन महिन्यांनी पडवीची पायरी चढत होतं. यमुना कुसुमला घेऊन यायची, दिवसाउजेडी, मधल्या रस्त्यानं. घरात तिला काय ऐकून घ्यावं लागत होतं ते तिनं कधी सांगितलं नाही. अण्णासाहेब तिच्याशी बोलत नाहीत एवढंच कानावर होतं.

शेवटी डॉक्टरांनी मुंबईच्या एका इस्पितळात नोकरी धरली. रोग्यांशी संबंध नको, नुसत्या काचा तपासायच्या. होळीच्या आधी ते आणि काशीआक्का आगबोटीनं निघाले. पोचवायला मी आणि धाकू खलाशी, एवढेच. आगबोट बाहेर समुद्रात उभी होती आणि माणसं पडावातून तिच्याकडे जात होती. डॉक्टरांचा एक पाय पडावात होता. तेवढ्यात यमुना धावत आली, पाठीमागून कुसुम. आठवड्यावर आलेली तपासणी राहून जाणार होती.

डॉक्टरांनी पडावातला पाय काढून घेतला. खिशातून आरसा काढला, बंदरावरच्या शेडमध्ये शिरले, आतल्या हमालांना हाकलून बाहेर काढलं आणि मुलीला घेऊन आत बसले. आगबोटीनं भोंगा दिला. पडाववाला शिव्या देऊ लागला. पडावातले प्रवासी ओरडू लागले. शेडच्या फटीतून डॉक्टरांचा आवाज आला, "थांबा म्हटलं ना मेल्यांनो!" आगबोटीनं दुसरा भोंगा दिला.

यमुना शेडच्या दाराशी उभी होती. "काय दिसतं?" तिनं विचारलं.

"काही नाही," डॉक्टर मुलीचा हात धरून बाहेर येत म्हणाले, आणि मग सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "काही नाही! काहीसुद्धा नाही दिसत! स्वच्छ आहे डोळा!" बंदरावर वरच्या आळीतली दोन-चार माणसं होती. त्यांनी माना फिरवल्या. डॉक्टरांनी यमुनेला मुंबईचा पत्ता लिहिलेला कागद दिला, अजून वर्षभर मुलीला दाखवत राहायला दरडावून सांगितलं आणि पडावात उडी मारली.

पडाव सुटला. मला वाटलं, आता तरी ते वळून बघतील. ते पडाववाल्यावर ओरडत होते. वल्हं कसं धरायचं ते तुझ्या बापानं शिकवलं नाही का, असं काहीतरी. थोड्या वेळानं त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, पाय फाकवून उभे राहिले आणि स्वतःच मारायला लागले. काशीआक्का ट्रंकेवर बसून हात हलवत होती.

कुसुम आईचं बोट धरून बघत होती. "आई," तिनं विचारलं, "डॉक्टर सारखे का ओरडतात?"

"आपल्यासाठी दुसरं कुणी ओरडलं नाही म्हणून," यमुना म्हणाली.

मी शेजारीच उभा होतो.